आठ जणी, दोन रात्री, एक मोठं शहर: बॅचलरेट वीकएंड आखायचा कसा?

मैत्रिणीच्या लग्नाची तारीख पक्की होते, अभिनंदनाचा धुरळा खाली बसतो आणि मग कुणीतरी सहज म्हणतं, "अगं, बॅचलरेटचं तू बघशील ना?" झालं. लग्नाआधी नवरीला घेऊन मैत्रिणींनी करायची ती मौज आखायचं काम गळ्यात पडलं. माझ्या गळ्यात ते आजवर तीनदा पडलंय. पहिल्या खेपेला मी आठवडाभर सुंदर जागांचे फोटो जमवत बसले होते. शनिवारी संध्याकाळी आम्ही आठ जणी एकाच बाथरूमसमोर उभ्या होतो, कुणाच्या केसांना टॉवेल, कुणाच्या एकाच डोळ्यात काजळ. जेवणाचं टेबल साडेसातचं होतं. आम्ही पोचलो पावणेनऊला, आणि तोवर आमच्या टेबलावर दुसरंच कुटुंब जेवायला बसलेलं.

त्या रात्री एक गोष्ट डोक्यात शिरली ती कायमची. वीकएंड नवरीसाठी असतो, पण आखायचा तो ग्रुपमधल्या सगळ्यात अवघडलेल्या मैत्रिणीला धरून. जिचा हात सध्या तंग आहे, जी नवरी सोडून कुणालाच ओळखत नाही, जी घरी लहान बाळ ठेवून आलीये, जिचे गुडघे दुखतात आणि जी हे यातलं काहीच बोलून दाखवणार नाही. ती निवांत असली की बाकीच्या आपोआप मजेत असतात. खालच्या सगळ्या पायऱ्यांवर तिचा विचार सोडू नका.

पायरी १: नवरीला फोन करा

मेसेज नको, फोनच. पंधरा मिनिटं पुरतात. तीन प्रश्न विचारायचे: कोण कोण हवं, काय करायला आवडेल, आणि काय अजिबात नको. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं. "काय आवडेल" म्हटलं की ती भिडेपोटी "काहीही चालेल गं" म्हणणार. "काय नको" विचारलं की मात्र खरं बाहेर येतं: अंगावर 'ब्राइड टू बी'चा पट्टा नको, अनोळखी लोकांसमोर नाचायला लावू नका, ऑफिसमधली अमुक आणि कॉलेजची तमुक एका खोलीत नको.

सरप्राइज द्यायची हौस असेल तर जरूर द्या, पण निम्मंच. तारीख, घरून किती वाजता निघायचं, परत किती वाजता, कपडे कुठल्या प्रकारचे आणि शूज कसे, एवढं नवरीला माहीत असायलाच हवं. उंच टाचा घालून जुन्या शहरातल्या दगडी रस्त्यावर चालणारी नवरी कुठल्याही फोटोत हसरी दिसत नाही.

यादी करताना एक साधा नियम पाळा: जिला लग्नाचं आमंत्रण नाही तिला इथं बोलवायचं नाही. संख्येबद्दल माझं मत ठाम आहे. सहा ते आठ. चार जणी एका गाडीत मावतात, आठ जणी दोन गाड्यांत. नववी आली की तिसरी गाडी लागते, आणि जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाचं बोलणं दुसऱ्या टोकाला ऐकू जात नाही. दहा-बारा जणींना बोलवावंच लागणार असेल, तर सगळ्यांना फक्त शनिवारी संध्याकाळी बोलवा आणि मुक्काम मोजक्या जणींचा ठेवा. होणारी नणंद येणार असेल तर आधीपासून एका बोलक्या मैत्रिणीला तिच्या सोबतीला लावून द्या. सगळ्या जणी कॉलेजच्या आठवणींत रंगल्यावर ती बिचारी फोनमध्ये डोकं खुपसून बसते, आणि तिची ती दोन दिवसांची आठवण पुढे बरीच वर्षं टिकते.

पायरी २: तारीख

लग्नाच्या चार ते सहा आठवडे आधीचा वीकएंड धरा. शेवटच्या आठवड्यात नवरीकडे ना वेळ असतो ना झोप. शिवाय जागरण, घसा बसणं, पायाला फोड, उन्हानं काळवंडलेली त्वचा हे सगळं निस्तरायला थोडे दिवस हाताशी हवेत. स्पाला जाणार असाल तर कधी न केलेलं फेशियल किंवा पील (वरची त्वचा सोलून काढायचा उपचार) लग्नाच्या तोंडावर नकोच. चेहऱ्यावर रिअ‍ॅक्शन आली तर उतरायला किती दिवस लागतील, हे कुणीही सांगू शकत नाही.

ग्रुपवर "कधी जमेल?" असा मोकळा प्रश्न टाकू नका. आठ जणींची तोंडं आठ दिशांना असतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये १२ पर्याय देता येतात. तुम्ही तीनच द्या, आणि खाली मुदत लिहा: "गुरुवारी रात्री दहापर्यंत मत द्या, त्यानंतर जास्त मतांची तारीख पक्की." नवरी आणि तिच्या अगदी जवळच्या दोघी यांना ती तारीख जमायलाच हवी. बाकीच्यांसाठी बहुमत. सगळ्यांना जमणारी तारीख शोधत बसलात तर नवरीचं पहिलं बाळंतपण उरकेल.

तारीख पक्की करण्याआधी त्या शहरात त्या दिवशी काय चाललंय ते बघून घ्या. मॅरेथॉन, मोठी मॅच, व्यापारी प्रदर्शन, मोठ्या गायकाचा कार्यक्रम यातलं काहीही असलं तर खोल्या महागतात, रस्ते बंद होतात, गाड्या मिळत नाहीत. ओळखायची सोपी खूण आहे: एकाच हॉटेलचे त्या आठवड्याचे आणि त्याच्या मागच्या-पुढच्या आठवड्यांचे दर शेजारी ठेवून बघा. मधलाच आकडा उसळलेला दिसला तर शहरात काहीतरी आहे.

पायरी ३: पैसे (इथं घाई नको)

बॅचलरेट बिघडते ती पावसामुळं नाही, पैशांमुळं. तेही भांडण होऊन नाही, गप्प राहून. दुसऱ्या खेपेचं एक दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. जेवण झालं, बिल आलं, कुणीतरी उत्साहानं म्हणालं, "सरळ भागिले सात करू या!" माझ्या शेजारच्या मैत्रिणीनं टेबलाखाली फोन धरला, कॅल्क्युलेटरवर आकडा काढला, मग बँकेचं अ‍ॅप उघडून बघितलं, आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला. तिनं सगळ्यात कमी मागवलं होतं, दारूला हातही लावला नव्हता. "हो, चालेल की," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या कार्यक्रमाला डोकं दुखतंय म्हणून आली नाही. डोकं दुखत नव्हतं, हे मला कळत होतं. आखणी माझी होती, म्हणजे चूकही माझीच.

तेव्हापासून मी असं करते. जागा, हॉटेल, कार्यक्रम काहीही सुचवण्याआधी प्रत्येकीला वेगळा मेसेज: "प्रवास सोडून दोन दिवसांचे सगळे मिळून किती खर्च तुला आरामात जमेल? आकडा माझ्यापाशीच राहील." ग्रुपवर विचारलंत तर पहिलीनं सांगितलेल्या आकड्याला सगळ्या माना डोलावतात. आलेल्या आकड्यांची सरासरी काढायची नाही. सगळ्यात लहान आकडा हेच आपलं बजेट. ज्यांना जास्त खर्च करायचाय त्या नवरीला वेगळी भेट देऊ शकतात, त्यांना कुणी अडवलेलं नाही.

नवरीचा खर्च कोण करणार? बऱ्याच ग्रुपमध्ये तिचा मुक्काम आणि जेवणखाण बाकीच्या उचलतात. छान आहे, पण त्याचं गणित आधी सांगा. नवरी धरून आठ जणी असतील तर खर्च आठऐवजी सात जणींत वाटला जातो, म्हणजे प्रत्येकीचा वाटा साधारण १४ टक्क्यांनी वाढतो. चारच जणी असतील तर तो ३३ टक्क्यांनी वाढतो. लहान ग्रुपमध्ये नवरीचा फक्त मुक्काम उचलणं किंवा फक्त शनिवारचं जेवण उचलणं यात काहीच कमीपणा नाही.

दुसरं गणित गळतीचं. खर्च दोन प्रकारचा असतो. एक डोकेनिहाय: तिकीट, जेवण. कुणी आलं नाही तर तो कमी होतो. दुसरा ठोक: फ्लॅटचं भाडं, खासगी खोली, गाडी. तो कुणी आलं नाही तरी तेवढाच राहतो. ठोक खर्च सात जणींत वाटलाय आणि दोघींनी ऐनवेळी पाय मागे घेतला, तर उरलेल्या पाच जणींचा वाटा एकदम ४० टक्क्यांनी चढतो. म्हणून बुकिंग करण्याआधी ग्रुपवर असा मेसेज टाका:

"मुक्कामाची वर्गणी परत मिळणार नाही, कारण भाडं ठोक आहे. बाकीचं, फुकट रद्द करता येईल त्या तारखेपर्यंत कळवलंत तर पूर्ण परत. तारीख अमुक. वर्गणी आली की नाव पक्कं."

रुक्ष वाटतं ना? वाटू दे. हा मेसेज आधी टाकलात तर तो नियम असतो, नंतर टाकलात तर टोमणा. आणि वर्गणी हातात आल्याशिवाय आपल्या कार्डावरून कशाचंही बुकिंग करू नका. "येते गं नक्की" हे बुकिंग नव्हे.

वर्गणीत दहा टक्के वरखर्चाला जादा धरा. रात्रीच्या गाड्या, सामान ठेवायचे पैसे, ऐनवेळी आणलेली छत्री यात ते जातात, उरले तर परत करता येतात. हिशोबासाठी स्प्लिटवाइजसारखं अ‍ॅप वापरा. प्रत्येक खर्च जागच्या जागी टाकायचा आणि त्यात कोण सामील होतं तेवढ्यांच्याच नावावर टाकायचा. पिणाऱ्यांच्या बिलाचा वाटा न पिणारीच्या नावावर पडता कामा नये, माझी सगळी तक्रार एवढीच आहे. कोणी कोणाला किती द्यायचे याच्या उलटसुलट उड्या ते अ‍ॅप कमीत कमी व्यवहारांत बसवून देतं, त्यामुळं शेवटी आठ जणींनी एकमेकींना अठ्ठावीस वेळा पैसे पाठवल्यासारखं वाटत नाही.

पायरी ४: मुक्काम

जागा शोधताना नकाशा शनिवारच्या रात्रीपासून उलटा वाचा. रात्री जिथं असणार तिथून चालत, नाहीतर फार तर पंधरा मिनिटांच्या गाडीवर मुक्काम हवा. शहराच्या टोकाला स्वस्तात मिळालेला फ्लॅट रात्री बाराला दोन गाड्यांचं भाडं भरताना स्वस्त राहत नाही, आणि शेवटची मेट्रो पकडायला अर्धा कार्यक्रम टाकून पळावं लागतं ते वेगळंच.

मग बाथरूम मोजा. खोल्यांआधी, बेडआधी, बाल्कनीतून दिसणाऱ्या दृश्याच्या तर कितीतरी आधी. आठ जणी, प्रत्येकीला पंचवीस मिनिटं: एक बाथरूम असेल तर तीन तास वीस मिनिटं, दोन असतील तर एक तास चाळीस, तीन असतील तर सव्वा तास. आता माझ्या पहिल्या खेपेचं टेबल का गेलं ते कळलं असेल. तिघींमागे एक बाथरूम, यापेक्षा कमी असेल तर मी ती जागा बघतही नाही.

जाहिरातीत "आठ जण झोपू शकतात" असं असतं तेव्हा त्यात हॉलमधला सोफा बहुतेक धरलेला असतो. फोटोंवरून नव्हे, मालकाला विचारून खरे बेड मोजा, आणि कोण कोणाबरोबर झोपणार ते निघण्याआधी ठरवा. दारात पोचल्यावर बेड वाटले तर सगळ्यात भिडस्त मुलगी सोफ्यावर जाते. प्रत्येक वेळी. घोरणारीला वेगळी खोली द्या आणि त्यावर एकदाच काय तो विनोद करून घ्या. लिफ्ट आहे का, हेही विचारा. चौथ्या मजल्यावर आठ बॅगा चढवून वीकएंडची सुरुवात करण्यात काही राम नाही.

फ्लॅट घेणार असाल तर पार्टीबद्दलचे नियम वाचा. घरं भाड्यानं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीनं ऑगस्ट २०२० मध्ये जगभरातल्या आपल्या घरांमधल्या पार्ट्यांवर बंदी आणली आणि २०२२ मध्ये ती कायम केली. सात-आठ जणींनी बसून गप्पा मारणं आणि स्पीकर लावून रात्री एकपर्यंत नाचणं यातला फरक शेजाऱ्यांना नीट कळतो. मालकाला आधीच मोकळेपणानं सांगा की मैत्रिणींचा मुक्काम आहे, बाहेरून कुणी येणार नाही, दहानंतर आवाज नाही. लपवून ठेवलंत आणि शेजाऱ्यानं तक्रार केली, तर रात्री बॅगा घेऊन रस्त्यावर उभं राहायची पाळी येऊ शकते. घरातच दणका करायचा असेल तर फ्लॅट विसरा. हॉटेलच्या दोन शेजारच्या खोल्या घ्या आणि नाचायला बाहेर जा.

भाड्याचा आकडा बघताना रात्रीचा दर नका बघू, शेवटच्या पानावरचा आकडा बघा. साफसफाई, सेवा शुल्क, कर हे सगळं तिथंच उगवतं. चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीनला आणि चेक-आउट सकाळी अकरा-बाराला असतं, तेव्हा दोन्ही टोकांना बॅगा कुठं ठेवायच्या हे आधीच विचारून ठेवा.

पायरी ५: वेळापत्रक, म्हणजे खरं तर रिकामा वेळ

पहिल्यांदा आखणाऱ्या सगळ्या जणी एकच चूक करतात: शहर मोठं, दिवस दोन, म्हणून सगळं कोंबायचं. माझा हिशोब असा. शुक्रवारी फक्त पोचायचं आणि एकत्र जेवायचं. कुणाची ट्रेन उशिरा, कुणाचं ऑफिस सुटलेलं नाही, हे धरूनच चला. शनिवारी दिवसा एक ठरवलेली गोष्ट आणि रात्री एक. रविवारी काहीही नाही. एवढंच. मधल्या मोकळ्या जागेतच कुणीतरी पायऱ्यांवर बसून रडतं, कुणीतरी हसून लोळतं, आणि तेच सगळ्यांच्या लक्षात राहतं.

शनिवारची वेळ उलटी मोजा. टेबल साडेसातचं. रस्ता पंचवीस मिनिटांचा, गाड्या यायला दहा मिनिटं, म्हणजे सहा पंचावन्नला सगळ्या दारात. नाइलाजानं दोनच बाथरूम मिळाली असतील तर एक तास चाळीस मिनिटं, म्हणजे सव्वापाचला पहिली आत गेलेली हवी. त्याआधी अर्धा तास पाय पसरायला, आणि त्याआधी पाऊण तास परत यायला. याचा अर्थ दिवसाचा कार्यक्रम चारला संपायला हवा, साडेपाचला नव्हे. आणि बाथरूमचे नंबर कागदावर लिहून दाराला चिकटवा. बालिश वाटेल, पण त्या कागदानं माझी तिसरी बॅचलरेट वाचवली.

ग्रुपचा वेग एकटीच्या वेगासारखा नसतो. एक किलोमीटर मी बारा-तेरा मिनिटांत चालते. आठ जणींना वीस लागतात, कारण एक फोटो काढते, एक दुकानात डोकावते, एकीच्या सँडलचा बंद तुटतो. नकाशात दाखवलेल्या वेळेत निम्मी वेळ आणखी मिळवा. मेट्रोत शिरण्याआधी एक सोपा करार करा: कुणी मागे राहिलं तर पुढे गेलेल्यांनी पुढच्याच स्टेशनवर उतरून थांबायचं, आणि मागे राहिलेलीनं पुढची गाडी पकडून तिथं यायचं. कुणीही उलटं परत जायचं नाही. नाहीतर दोन्ही टोळ्या एकमेकींना शोधत दोन दिशांना फिरत राहतात.

दिवसाचा कार्यक्रम निवडताना "किती जणी एका वेळी?" हा प्रश्न विचारा. छोट्या स्पात मसाज करणाऱ्या दोघी-तिघीच असतील तर आठ जणींचा तासाभराचा मसाज तीन-चार तास चालतो आणि उरलेल्या बाहेर ताटकळत बसतात. कोडी सोडवून बाहेर पडायच्या खोल्यांमध्ये पाच-सहा जणींपेक्षा जास्त गर्दी झाली की निम्म्या नुसत्या बघत उभ्या राहतात. मातीकाम, चित्रकला, नाचाचा वर्ग, बोटीतली फेरी, खासगी कराओकेची खोली, हे सगळं आठ जणींना एकत्र करता येतं. शिवाय हातांना काम असलं की अनोळखी मुलींनाही बोलायला विषय मिळतो, म्हणून मातीकाम मला सगळ्यात आवडतं. म्युझियमला जायचं असेल तर सुट्टीचा वार बघून घ्या. कित्येक शहरांत तो सोमवार असतो, जोडून सुट्टी असेल तर नेमका अडतो. उघड्यावरचं काही ठरवलं असेल तर पावसासाठी छपराखालचा पर्याय एका ओळीत लिहून ठेवा. त्यापेक्षा जास्त आखणी त्यावर वाया घालवू नका.

सगळे पत्ते गूगल मॅप्सवर एका यादीत टाकून ती ग्रुपला द्या, आणि त्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवायला सांगा. तळघरातल्या रेस्टॉरंटमध्ये नेट जातं, आणि नेमकी तेव्हाच गाडी बोलवायची असते.

पायरी ६: टेबल

सहा-आठ जणींच्या पुढे गेलात की बऱ्याच रेस्टॉरंटचे नियम बदलतात. म्हणून ऑनलाइन बुकिंग केलं तरी फोन करा आणि चार गोष्टी विचारा: डिपॉझिट किती आणि कधीपर्यंत परत, ग्रुपला ठरावीकच मेन्यू आहे का, बिल वेगवेगळं करून मिळेल का, आणि सेवा शुल्क बिलात आपोआप लागतं का. शेवटचं यासाठी, की बिलात ते आधीच असताना आनंदाच्या भरात वर आणखी टीप ठेवली जाते. उशीर झाला तर टेबल किती मिनिटं राखतात, हेही मी आता विचारते. का ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन दिवस आधी पुन्हा फोन करून पक्कं करा. कोण काय खात नाही, कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे, कुणी पीत नाही, कुणी गरोदर आहे, ही यादी आधीच घेऊन ठेवा. ग्रुपवर विचारू नका. आपण गरोदर आहोत हे सगळ्यांना एकदम सांगायची तिची इच्छा नसू शकते.

पायरी ७: रात्र

दोघी-दोघींच्या जोड्या लावा. जोडीतली एक निघाली की दुसरी निघते, किंवा ती तिला दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली करते. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास चालू ठेवता येतं. बाहेर पडताना ८ तासांचं लावून टाका. मुक्कामाचा पत्ता कागदावर लिहून प्रत्येकीच्या पर्समध्ये ठेवा, कारण रात्री एकला फोनची बॅटरी १ टक्क्यावर असते आणि फ्लॅटचं नाव कुणालाच आठवत नाही. आपला ग्लास डोळ्यांआड झाला की तो सोडून द्यायचा, परत उचलायचा नाही.

पिणाऱ्यांसाठी दोन शब्द. शरीर दारू साधारण तासाला एक प्रमाणित पेग या गतीनंच उरकतं. कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, उलटी, काहीच त्याची गती वाढवत नाही. सारखीच दारू प्यायली तरी बायकांच्या रक्तात तिचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त चढतं, कारण शरीरात पाणी कमी असतं. पेगांच्या मध्ये पाणी प्या, आणि पोटात काहीतरी घालून मगच बाहेर पडा. कुणी जास्तच प्यायली असेल तर तिला उताणी झोपवू नका, कुशीवर वळवा आणि एकटी सोडू नका. हलवूनही जागी होत नसेल, श्वास फार संथ किंवा तुटक होत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर "झोपू दे, उतरेल" म्हणून वाट बघू नका. आणीबाणीचा नंबर लावा. तो नंबर शहरात पाऊल ठेवायच्या आधीच फोनमध्ये असू द्या.

आणि जी पीत नाही तिला सगळ्यांची राखणदार बनवू नका. ती मजा करायला आलीये, पहारा द्यायला नाही. पहाऱ्याची पाळी आखणाऱ्यांपैकी दोघींनी वाटून घ्यावी, शुक्रवारी एकीनं, शनिवारी दुसरीनं.

सजावट, फोटो आणि एक पिशवी

सजावट थोडकी. भिंतीचा रंग उखडेल अशी टेप नको, आणि चमकीचे कागद तर नकोच नको. ते चेक-आउटनंतर साफसफाईच्या जादा बिलावर परत भेटतात. नवरीची फजिती करणारे खेळ तिनं आधी मान्य केले असतील तरच.

फोटोंचा नियम निघण्याआधी ठरवा: नवरीनं हो म्हटल्याशिवाय काहीही टाकायचं नाही, आणि कुणी "हा नको" म्हटलं तर का ते विचारायचं नाही. सगळे फोटो एका सामायिक अल्बममध्ये. जिथं आहोत तिथून त्याच क्षणी टाकण्यापेक्षा तिथून निघाल्यावर टाका.

एक पिशवी मात्र मनापासून भरा, आणि ती आखणारीच्या खांद्यावर असू द्या. फोडांवर लावायच्या पट्ट्या, सेफ्टी पिन, सुई-दोरा, डोकेदुखीची गोळी, पॅड, ओले रुमाल, केसांचे रबर, पॉवर बँक आणि दोन प्रकारच्या केबल, घडी होणाऱ्या सपाट चपलांचा एखादा जोड. तिसऱ्या खेपेला नवरीच्या ड्रेसची चेन टेबलापासून दहा पावलांवर अडकून उसवली. दोघींनी शाल धरून आडोसा केला, तिसरीनं फोनचा उजेड पाडला आणि मी सहा सेफ्टी पिना आतून लावल्या. नवरी श्वास रोखून उभी होती आणि म्हणत होती, "हसवू नका गं, उरलेलीही तुटेल." साडेसातला एक मिनिट कमी असताना आम्ही टेबलावर होतो.

रविवार आणि हिशोब

रविवारी गजर लावू नका, फक्त चेक-आउटच्या दीड तास आधी एकीनं उठायचं. निघण्यापूर्वी दोघींनी सगळ्या खोल्या फिरून बघायच्या: चार्जरची भोकं, बाथरूमचे कोपरे, उशांखाली. रिकाम्या, आवरलेल्या घराचे चार-पाच फोटो काढून ठेवा. नंतर कुणी मोडतोडीचा दावा केला तर कामी येतात. बॅगा एका ठिकाणी ठेवून, ज्यांची गाडी उशिराची आहे त्यांनी जवळपास कुठंतरी निवांत बसावं. सगळ्यांनी शेवटपर्यंत थांबायलाच हवं असा आग्रह नको, ज्यांची निघायची वेळ झाली त्यांना मिठी मारून जाऊ द्या.

हिशोब दोन दिवसांत मिटवा. आठवडा गेला की कुणी कशाचे पैसे दिले ते आठवत नाही, आणि महिना गेला की मागायची लाज वाटते. उरलेला वरखर्च परत करताना आकड्यासकट मेसेज टाका, आणि त्याच मेसेजला सापडलेल्या वस्तूंचा फोटो जोडा. एक कानातलं, एक निळा स्कार्फ, कुणाचा तरी चष्मा. चष्मा नेहमी सगळ्यात शेवटी ओळखला जातो.